दाजींना ही नोकरी समजावून कशी सांगू? (मराठवाड्यातल्या मुली आणि सायबर सुरक्षा)

पूर्णाकाठ
शनिवार, रात्री 10:20

माझी भाची मराठवाड्यातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव विचारू नका, सांगणार नाही. गेल्या महिन्यात ती परीक्षा शुल्काची पावती काढायला कॉलेजच्या साइटवर गेली. पावतीच्या पत्त्यात शेवटी तिचा क्रमांक असतो. टाइप करताना एक आकडा चुकला आणि समोर दुसऱ्याच मुलीची पावती उघडली. नाव, मोबाइल, जात, आधार क्रमांक, सगळं.

पोरगी घाबरली. तरी दुसऱ्या दिवशी स्वतःहून सरांना जाऊन सांगितलं. सर म्हणाले, "तू हॅकिंग करायलीस का?" विभागप्रमुखांनी वडिलांना बोलावून घेतलं. दाजी सोयाबीनची काढणी सोडून एसटीनं साठ किलोमीटर आले, अर्धा तास उभ्यानं ऐकून घेतलं आणि परत जाताना लेकीला म्हणाले, "हे कॉम्प्युटरचं बास झालं. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भर."

मी पुण्यात हेच काम करते. कंपनीचं ॲप बाजारात जाण्याआधी त्यात कुठून शिरता येतं ते शोधायचं, लिहून काढायचं आणि दुरुस्त होईपर्यंत प्रोग्रॅमरच्या मागं लागायचं. भाचीला जे सापडलं त्याला आम्ही 'ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल' म्हणतो. आलेला माणूस कोण हे साइट विचारते, पण तो मागतोय तो कागद त्याचा आहे का हे विचारायला विसरते. ओवॅस्प नावाची संस्था वेब ॲप्लिकेशनमधल्या दहा मोठ्या धोक्यांची यादी काढते. 2021 च्या यादीत हा पहिल्या नंबरवर आहे. म्हणजे आमच्या अक्काच्या पोरीनं पहिल्या नंबरचा दोष पकडला आणि बदल्यात बापासमोर बोलणी खाल्ली.

पंधरा वर्षांत मुलींची हुशारी कमी पडली असं मला तरी दिसलं नाही. अडतं ते घरी, आणि अडतं तेही एका शब्दावर. डॉक्टरीण, मास्तरीण, बँकवाली, एमपीएससीवाली ही नावं आपल्याकडे ओट्यावर बसलेल्या आजीलाही माहीत असतात. आमच्या कामाला घरात नावच नाही. जे आहे ते 'हॅकर', आणि ते चोराचं. माझी माय दहा वर्षं गावात सांगायची, "आमची पोरगी पुण्यात अँटीव्हायरस टाकती."

पुढच्या रविवारी गावी जातेय. दाजींशी बोलायचंय. काय सांगू?

---

खडकीकर
शनिवार, रात्री 10:51

वाचून डोकं फिरलं. पण पहिली गोष्ट भाचीसाठी: "खरंच असं होतं का" हे बघायला म्हणून पुन्हा एकदाही आकडा बदलायचा नाही. चुकून झालं ते झालं.

---

निवृत्त_फौजदार
रविवार, सकाळी 6:40

खडकीकरांशी सहमत, आणि कारण सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000, कलम 43 आणि 66. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं, माहिती उतरवून घेणं, हे त्यात येतं. फौजदारी कलम लागायला अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो, पोरीचा तसा काही नाही. पण हेतू सिद्ध करत बसण्यापेक्षा कागद तयार ठेवलेला बरा. कोणत्या तारखेला, काय टाइप करताना, काय दिसलं आणि कुणाला सांगितलं, एवढं एका पानावर लिहून प्राचार्यांच्या नावे आवक शिक्का मारून घ्यायचा. दुसऱ्या मुलीच्या पावतीचा फोटो जोडायचा नाही. कॉलेज ढिम्म राहिलं तर केंद्र सरकारच्या सर्ट-इनकडे अशा दोषांची माहिती देता येते. त्यांचं कामच ते आहे.

आता मूळ विषय. मी बत्तीस वर्षं खात्यात होतो, शेवटची काही सायबरकडे. मुलीचा चेहरा दुसऱ्याच फोटोला चिकटवून धमकावल्याच्या तक्रारी यायच्या. मुलगी यायची, टेबलापलीकडे आम्ही मिशावाले दिसलो की "मोबाइल हरवला" म्हणून परत जायची. एक महिला हवालदार तिथं बसायला लागल्यावर त्याच महिन्यात बोलणाऱ्या वाढल्या. मला हे कुणी पाहणी करून सांगायची गरज पडली नाही.

आणखी एक दार सांगतो, फार कुणाला माहीत नसतं. संभाजीनगरात शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. तिथं न्यायवैद्यक शास्त्रात बीएस्सी होते आणि डिजिटल व सायबर न्यायवैद्यकाची पदव्युत्तर पदविकाही आहे. 1 जुलै 2024 पासून नवा साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम 63 खाली मोबाइल, सीसीटीव्ही, पेन ड्राइव्ह असा कुठलाही इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, लिहावी लागते आणि एका भागावर तज्ज्ञाची सही असते. ही सही करणारी माणसं प्रत्येक जिल्ह्याला लागणार आहेत.

---

शेवटचा_डबा
रविवार, सकाळी 9:15

गैरसमज नको, पण मुलींनाच वेगळं प्रोत्साहन कशाला? ज्याला आवड आहे तो येतो. मलाही कुणी हात धरून आणलं नव्हतं. कीबोर्डला मुलगा-मुलगी कळत नाही.

---

चहा_दुपारचा
रविवार, सकाळी 9:32

पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

---

हुरडा
रविवार, सकाळी 11:05

डबेवाले, थोडा इतिहास. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या ब्लेचली पार्कमध्ये जर्मन संदेश फोडायचं काम चाले, तिथं काम करणाऱ्यांत जवळजवळ तीन चतुर्थांश बायका होत्या. त्याआधी अमेरिकेत दारूबंदीच्या काळात एलिझबेथ फ्रीडमन तटरक्षक दलासाठी दारू तस्करांचे सांकेतिक संदेश उलगडायच्या आणि कोर्टात साक्षही द्यायच्या. हे बायकांचं क्षेत्र नव्हतंच, हे मुळात खोटं आहे. आज सायबर सुरक्षेतल्या लोकांच्या आयएससी-टू या संस्थेच्या पाहण्यांत या क्षेत्रात जगभरात बायकांचा वाटा 20 ते 25 टक्के येतो. तेव्हा होत्या आणि आता कमी आहेत, तर मधे काहीतरी झालं असणारच ना?

---

पूर्णाकाठ
रविवार, दुपारी 1:10

फौजदारसाहेब, मनापासून आभार. अर्जाचं आजच भाचीला सांगते.

हुरडा, मला हे सगळं फार आवडतं, पण दाजींसमोर ब्लेचली पार्क काढलं तर ते चहा संपवून गोठ्यात जातील.

डबेवाले, तुम्हाला सविस्तर उत्तर देते, कारण तुमच्यासारखंच मीही बरीच वर्षं म्हणायचे.

आमच्या कंपनीत एका पेमेंट ॲपचा पासवर्ड बदलायचा भाग तपासायला आला होता. ओटीपी मोबाइलवर जातो, तो टाकला की नवा पासवर्ड. खोलीत सात जण, सहा पुरुष. त्यांनी काढलेले धोके सगळे बरोबर होते: सिम बदलणारा चोर, खोटी लिंक, मधे बसून संदेश चोरणारा. हल्ला करणारा सगळ्यांनी बाहेरचाच धरला होता. मी विचारलं, खातं बाईचं आहे आणि मोबाइल नंबर नवऱ्याचा आहे, तर? खोलीत एकदम शांतता. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गावातला बचत गट होता. अकरा बायका, त्यातल्या सात जणींच्या खात्याला नवऱ्याचा नाहीतर लेकाचा नंबर. बँकेचा मेसेज आधी त्याला कळतो, मग तिला, आणि त्याच्या मनात असेल तरच. हा प्रश्न मला सुचला तो अभ्यासामुळे नव्हे, मी तिथून आले म्हणून. तो भाग नंतर बदलला: नंबर आणि पासवर्ड लागोपाठ बदलले तर एक दिवस पैसे बाहेर जात नाहीत आणि ॲपमध्ये आधीच सूचना दिसते.

कीबोर्डला कळत नसेल, पण कीबोर्डवर बसलेल्याला काय सुचतं ते तो कुठल्या घरात वाढला त्यावर असतं. आणि आवडीचं म्हणाल तर, आवड असायला ती चीज आधी दिसावी लागते. आमच्याकडे घरातल्या प्रत्येकाचा फोन बिघडला की भाचीकडे येतो. "पीएम किसान"च्या नावानं आलेली खोटी ॲपची फाइल (एपीके) तिनं तीन जणांच्या फोनमधून काढली. याला घरात 'मोबाइल खेळणं' म्हणतात.

---

शेवटचा_डबा
रविवार, दुपारी 2:44

नवऱ्याच्या नंबरचा मुद्दा मान्य. हे डोक्यात आलं नसतं. बाकीचं अजून पटलेलं नाही, पण मान्य.

---

लातूरची_आई
रविवार, दुपारी 4:20

माझी मुलगी बारावीला आहे. आमच्या लातुरात तर नीट सोडून दुसरं काही असतं हेच कुणाला माहीत नाही, शेजारीण विचारते ते सुद्धा "किती मार्क" नाही, "किती रँक". पण लेकीला कॉम्प्युटरला जायचंय. फीचं टेन्शन थोडं कमी झालंय, जुलै 2024 च्या शासन निर्णयानं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे.

माझा प्रश्न सरळ आहे. या कामात रात्रपाळी असते असं ऐकलं. खरं का? पाहुणे बघायला आले की पहिला प्रश्न तोच येईल.

---

पूर्णाकाठ
रविवार, संध्याकाळी 6:02

ताई, खोटं सांगत नाही. सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर, ज्याला सगळे 'सॉक' म्हणतात, ते चोवीस तास चालतं. चोर काही ऑफिसची वेळ बघून येत नाही. नव्या मुलांना बहुतेक तिथंच पहिली नोकरी लागते, एल-वन, म्हणजे पहिल्या पायरीवर. पडद्यावर इशारे येत राहतात, खरा कुठला आणि खोटा कुठला ते निवडायचं, खरा वाटला की वर पाठवायचा. पाळ्या फिरत्या असतात. मी पावणेदोन वर्षं केलं. पहिले तीन महिने वाईट गेले, मग सवय झाली.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात बाईला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत कामाला बोलवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची, घरी पोचवण्याची सोय मालकानं करायची असते. मुलाखतीतच गाडीचं विचारायचं: दारापर्यंत येते की चौकापर्यंत? मी चौकापर्यंतवाली नोकरी सोडलेली आहे.

पण सॉक हा एकच दरवाजा नाही. माझं आताचं काम दिवसाचं आहे. ऑडिटचं दिवसाचं. पाहुण्यांना "बँकेच्या सुरक्षेत आहे" एवढं सांगा. पुढचं विचारायला त्यांना शब्द सापडणार नाहीत.

---

बिंदुसरा
रविवार, रात्री 9:38

ऑडिटचा विषय निघाला म्हणून लिहिते, एरवी नुसतीच वाचत असते.

मी बीडची. बीकॉम. होय, कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. एका सीएच्या फर्ममध्ये नागरी बँकांच्या ऑडिटला जायचे, व्हाउचर तपासायचे. 2018 च्या ऑगस्टमध्ये पुण्यातल्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला तेव्हा आमच्या ऑफिसात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. सुमारे 94 कोटी रुपये गेले, त्यातले बरेचसे 28 देशांतल्या एटीएममधून. मला जे कळलं ते असं: एटीएम कार्ड घातलं की बँकेला विचारतं, "देऊ का पैसे?" चोरांनी मधे आपलाच खोटा 'हो' म्हणणारा बसवला होता. बँकेपर्यंत प्रश्न पोचतच नव्हता. मी व्हाउचरवर सही आहे का बघत होते आणि इथं सही करणाराच खोटा होता!

तेव्हापासून सिस्टिम ऑडिटच्या मागं लागले. सीसा ही सिस्टिम ऑडिटरची परीक्षा, आयसाका नावाची आंतरराष्ट्रीय संस्था घेते. परीक्षा आधी देता येते, प्रमाणपत्र हातात पडायला पाच वर्षांचा अनुभव लागतो, त्यातली काही शिक्षणामुळे सुटतात. प्रोग्रॅमिंग मला आजही येत नाही. पण नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा लॉगिन आठ महिने चालू कसा, हा प्रश्न विचारता येतो. आणि तो विचारला की मॅनेजर पाणी पितो. कॉमर्सच्या मुलींनी हे दार बघावं. सही कुणी केली, कधी केली, त्याला अधिकार होता का, हेच सगळं आहे, फक्त कागद नाही.

---

तिसरा_बाक
सोमवार, दुपारी 12:15

नमस्कार. मी नांदेडला बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे. गाव किनवट तालुक्यात. लॅपटॉप नाही, कॉलेजची लॅब चारला बंद होते. इंग्रजीची भीती वाटते. इथं एका क्लासवाल्यानं एथिकल हॅकिंगचे नव्वद हजार सांगितलेत, शंभर टक्के नोकरीची हमी म्हणतो. बाबा कर्ज काढायला तयार आहेत. घेऊ का?

---

रूट
सोमवार, दुपारी 12:19

नाही.

---

रूट
सोमवार, दुपारी 12:41

सविस्तर लिहितो, वर फारच उद्धट वाटलं.

नोकरीची हमी कुणीच देऊ शकत नाही. देतो त्याला एकच विचार: गेल्या बॅचच्या तीन मुलींचे नंबर द्या, मी स्वतः बोलते. गप्प बसतो की नाही बघ.

लॅपटॉप नाही तर मोबाइलवर टर्मक्स टाक, त्या ॲपमध्ये लिनक्सच्या आज्ञा टाइप करून चालवता येतात. ओव्हरदवायरचा 'बँडिट' हा खेळ त्यावर चालतो. प्रत्येक पायरीवर पुढच्या पायरीचा पासवर्ड लपवलेला असतो, तो शोधता शोधता लिनक्स हाताला लागतं. लॅबच्या वेळात पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी ॲकॅडमी, पूर्ण फुकट. पूर्णाकाठ यांच्या भाचीला जे सापडलं त्याचेच सराव त्यात आहेत, आणि तिथं आकडा बदलायची परवानगी आहे. शाळकरी मुलांसाठी कार्नेगी मेलन विद्यापीठाचं पिको-सीटीएफ आहे, त्यापासून सुरू केलंस तरी लाज नाही. रोज काय केलं ते वहीत लिही. मुलाखतीत मी ती वही मागतो, खरंच.

पैसे खर्च करायचेच असतील तर पदवीनंतर सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचा सुरक्षेचा सहा महिन्यांचा पदव्युत्तर डिप्लोमा, तोंडी नाव 'डिटिस'. प्रवेशाला सी-कॅट द्यावी लागते आणि कोणत्या पदव्या चालतात ते माहितीपत्रकात नीट बघ. फी तिथंही आहे, पण कर्ज काढायचंच तर तिथं काढ.

इंग्रजी: तुला बोलायची भीती आहे, वाचायची नाही. हे क्षेत्र वाचणाऱ्यांचं आहे. मी परतूरचा. पहिल्या मुलाखतीत "मायसेल्फ" म्हणून सुरुवात केली होती.

---

तिसरा_बाक
सोमवार, रात्री 8:03

बँडिटची चौथी पायरी झाली. टिंब लावलेली फाइल लपलेली असते हे माहीतच नव्हतं!

---

खडकीकर
सोमवार, रात्री 8:30

शाब्बास! अवांतर: माझ्या आयडीवरून खासगी निरोप येतायत की संभाजीनगरचं नाव काय ते एकदा ठरवा. खडकी हे त्याचं मलिक अंबरच्या वेळचं नाव आहे, त्यावर वाद घालायचा तर वेगळा धागा काढा, मी येतो.

---

निवृत्त_फौजदार
मंगळवार, सकाळी 6:35

तिसरा बाक, गावाकडे आणखी एक काम करता येईल. ऑनलाइन फसलेला माणूस पहिल्या तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करत नाही, तो आधी भावाला, मग साडूला, मग सरपंचाला विचारतो. तोवर पैसे चार खाती पुढे गेलेले असतात. तुझ्या गावात 1930 फिरवणारी पहिली माणूस तू हो. ते नोकरीच्या अर्जावरही लिहिता येतं.

---

पूर्णाकाठ
पुढचा सोमवार, रात्री 11:12

काल जाऊन आले. लिहायचं कबूल केलं होतं म्हणून जागी आहे.

दाजी आधी बोलेचनात. अक्कानं पिठलं-भाकरी केली होती, जेवणं झाली, मग ओट्यावर बसलो. मी हॅकिंग हा शब्दच काढला नाही. बिंदुसरा, तुमची सही आणि व्हाउचरची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. दाजी एकदम सरसावून बसले. त्यांचे पावणेदोन लाख एका पतसंस्थेत अडकलेत, तीन वर्षं झाली.

"त्या संस्थेचं आडिट झालतं ना?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, कागदावर झालं असणार.

"आन् खरं झालं असतं तर?"

म्हटलं, खरं झालं असतं तर कुणीतरी आधीच ओरडलं असतं.

बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग भाचीकडे न बघताच म्हणाले, "मंग हिनं कालेजचं खरं आडिट केलं म्हनून मला बोलावून घेतलं व्हय?"

मला यापुढं काही बोलावंच लागलं नाही. बँकेचा फॉर्म भरायचाच आहे, तो सुटलेला नाही. भाचीही म्हणाली, भरते. माझ्या मते भरू दे. बँकेतल्या आयटीकडे सुरक्षेची माणसं लागतातच.

अर्जाचं: प्राचार्यांच्या ऑफिसात आवक शिक्का मिळाला. त्यानंतर साइट तीन दिवस 'देखभालीसाठी बंद' होती. आता लॉगिन केल्यावर पावती फक्त स्वतःचीच दिसते. भाचीला कुणी काही बोललं नाही. ना सर, ना विभागप्रमुख. ज्या मुलीची पावती तिनं बघितली होती, तिला भाचीनं स्वतः जाऊन सांगितलं. ती मुलगी जालन्याची निघाली. दोघी आता मिळून पोर्टस्विगरचे सराव सोडवतात.

आता खरी अडचण. दाजींनी विचारलंय, लॅपटॉप केवढ्याचा? सोयाबीनचे पैसे आले की घेऊ म्हणाले, 45 हजारांच्या वर नको. काय घ्यावा?

---

रूट
पुढचा सोमवार, रात्री 11:20

आठ जीबी रॅमचा घेऊ नका. सरावाला लॅपटॉपच्या आत दोन खोटे संगणक (व्हर्च्युअल मशीन) उघडावे लागतात, हल्ला करणारं काली लिनक्सचं एक आणि हल्ला झेलणाऱ्या बळीचं एक; तेवढ्यानं तो रडतो. सोळा हवी. बजेटात बसत नसेल तर आठचा घ्या, पण रॅमची एक जागा रिकामी आहे का ते दुकानातच उघडून बघा, काही मॉडेलांत ती बोर्डवरच चिकटवलेली असते. ग्राफिक्स कार्डावर पैसे घालू नका, दुकानदार गळ्यात मारतील.

---

शेवटचा_डबा
पुढचा सोमवार, रात्री 11:47

माझ्याकडे एक सोळा जीबी रॅमची कांडी पडून आहे, डीडीआर फोर. मॉडेल ठरलं की सांगा, बसत असेल तर पाठवतो. गुरुवारच्या परभणीच्या ट्रॅव्हल्सनं देऊ का?

---

लातूरची_आई
मंगळवार, सकाळी 7:05

डबेवाले, अजून एक आहे का?